गॅस गिझर आहे? मग हा अलार्म घ्याच

आमच्या नाशिकच्या घरात गॅस गिझर आहे, आणि थंडीत सासूबाई खिडकी घट्ट लावूनच अंघोळ करतात. बंद जागेत गॅस जळला की कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साचू शकतो. त्या काळजीपोटी हा बॅटरीवरचा कार्बन मोनॉक्साइड अलार्म मागवला. घेताना मुख्य एकच पाहिलं: पाठीवर ‘ईएन ५०२९१’ (अशा अलार्मचं युरोपीय मानक) छापलंय का. या मानकाचा अलार्म ३०० पीपीएमला (हवेच्या दहा लाख भागांत ३०० भाग हा वायू) ३ मिनिटांच्या आत वाजतो. ५० पीपीएमला मात्र तास-दीड तास घेतो. बाजारातले साधे गॅस डिटेक्टर सिलिंडरची गळती ओळखतात, त्यांचा इथे काडीचाही उपयोग नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास, ना रंग. डोकं दुखतं, मळमळतं, आणि आपण पित्त झालं समजून आडवे होतो.

टेस्टचं बटण दाबलं तर असा कर्कश आवाज, की खालच्या काकू वर बघायला आल्या. सासूबाईंना जरा कमी ऐकू येतं, पण बंद दाराआडून त्यांनाही स्पष्ट ऐकू आला. माझ्यासाठी इथेच पैसे वसूल. स्क्रीनवरचे आकडे फार बारीक आहेत, हे खटकलं. सेन्सरची मुदत संपली की अख्खं यंत्रच बदलावं लागतं. तारीख मागे आहे, ती मी कॅलेंडरवर लिहून ठेवलीय.

वाफेने सेन्सर बिघडतो, त्यामुळे तो बाथरूममध्ये लावायचा नाही. म्हणूनच अलार्मच्या भरवशावर गिझर आत ठेवू नका. आम्ही प्लंबर बोलावून तो बाहेर उघड्या गॅलरीत हलवला; आत येतो तो फक्त गरम पाण्याचा पाइप.