टी-रेग की एमडीएससी: सेप्सिसमध्ये प्रतिकारशक्तीला लगाम कोण घालतं?

ऊसतोडणीत कोयत्याची जखम चिघळून सेप्सिस (संसर्गाला शरीराचा बेताल, अवयवांना इजा करणारा प्रतिसाद) झाला, मिरजेच्या आयसीयूत पेशंट पहिला आठवडा तरला, आणि दहाव्या दिवशी न्यूमोनिया. अशा वेळी संशय प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या दोन प्रकारच्या पेशींवर जातो: टी-रेग, म्हणजे इतर टी-पेशींना (संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशींना) आवरणाऱ्या टी-पेशी, आणि एमडीएससी, म्हणजे अस्थिमज्जेतून आलेल्या कच्च्या दाबपेशी.

टी-पेशींमध्ये टी-रेगचा टक्का वाढलेला दिसतो, पण फसू नका. सेप्सिसमध्ये इतर टी-पेशी झपाट्याने मरतात, टी-रेग तग धरतात. टक्का आपोआप चढतो. प्रत्यक्ष संख्याही मागवा. टी-रेग आयएल-१० हा दाबक रेणू स्रवून बाकीच्या पेशींना गप्प बसवतात, एवढं खरं.

एमडीएससी मात्र नव्याने येतात. अस्थिमज्जा घाईघाईत कच्च्या पेशी रक्तात सोडते, त्यांचं आर्जिनेज हे विकर टी-पेशींना लागणारं आर्जिनिन हे अमिनो आम्ल फस्त करतं आणि टी-पेशींची वाढ अडते. काही रुग्णांत हे आठवडेच्या आठवडे चालतं. उशिराच्या संसर्गात आमचा जास्त संशय यांच्यावरच. अडचण मोजणीत आहे: ग्रॅन्युलोसाइट जातीच्या एमडीएससी गोठवणं सोसत नाहीत. नमुना गोठवून पुण्याला पाठवला तर आकडा खोटाच कमी येणार. फ्लो सायटोमेट्री (पेशींवरच्या खुणा ओळखून त्या मोजणारी तपासणी) ताज्या रक्तावरच हवी.

दोन्ही मोजण्या अजून मुख्यतः संशोधनापुरत्याच. वॉर्डात सीबीसी (रक्तपेशींची साधी मोजणी) बघा: चौथ्या दिवशीही लिम्फोसाइट (ज्यांत टी-पेशी येतात त्या पांढऱ्या पेशी) मायक्रोलिटरला १००० च्या खाली असतील, तर प्रतिकारशक्ती दबलेली समजून, संसर्गाची वाट ठरणारी नको असलेली लघवीची नळी आणि सेंट्रल लाइन आजच काढा.