जुन्या गाडीचे मिसफायर आणि टॅपेट सेटिंग : कॉम्प्रेशन टेस्टर, व्हॅक्यूम गेज व फीलर गेज यांचा काही महिन्यांचा अनुभव

कार्ब्युरेटर, डिस्ट्रिब्युटर आणि स्क्रू व लॉकनटने लावायचे टॅपेट (झडपा उघडणाऱ्या यंत्रणेतील, ठरावीक फट ठेवून लावायचे भाग) असलेल्या चार सिलिंडरांच्या जुन्या इंजिनावर मी कॉम्प्रेशन टेस्टर (सिलिंडरमधील दाब मोजणारा), व्हॅक्यूम गेज (इंजिनातील हवेची ओढ मोजणारा) आणि फीलर गेज (फट मोजण्याची ठरावीक जाडीची पाती) ही तीन उपकरणे गेले काही महिने वापरत आहे. ती घेतली तेव्हा तक्रार अशी होती की गाडी आयडलिंगला (अ‍ॅक्सिलरेटर न दाबता इंजिन मंद चालू असताना) लंगडत असे, सायलेन्सरमधून ठरावीक लयीत फुसफुस ऐकू येई, आणि वेग वाढवला की हा दोष जवळपास नाहीसा होई. हे लक्षण महत्त्वाचे आहे. इग्निशनचा दोष बहुधा उलट वागतो; चढ लागला, भार वाढला, की सिलिंडरमधील दाब वाढतो, प्लगच्या टोकांमधून ठिणगी पडणे अवघड होते आणि इंजिन मिस करू लागते (एखाद्या सिलिंडरमधील इंधन पेटायचे राहते). झडप पूर्ण मिटत नसेल किंवा मॅनिफोल्डमधून (सिलिंडरांकडे मिश्रण नेणाऱ्या नळ्यांतून) बाहेरची हवा आत ओढली जात असेल, तर त्रास मंद गतीलाच जास्त जाणवतो.

तरीही प्लग, प्लग वायर, डिस्ट्रिब्युटर कॅप आणि रोटर आधी तपासले, कारण ती तपासणी स्वस्त आणि सोपी आहे. वायर आपसांत बदलून पाहिल्यावरही दोष तिसऱ्या सिलिंडरमध्येच राहिला, तेव्हा इग्निशनचा विषय माझ्यापुरता मिटला. येथे एक सावधगिरी सांगितली पाहिजे : चालू इंजिनाची प्लग वायर उपसून हवेत लोंबती ठेवू नये. ठिणगीला अर्थिंगची वाट मिळाली नाही तर हाताला जबर झटका बसू शकतो, आणि इलेक्ट्रॉनिक इग्निशन असल्यास त्याचे मॉड्यूलही जळू शकते.

कॉम्प्रेशन टेस्टर घेताना प्लगच्या आट्यांत फिरवून बसणाराच घ्यावा. हाताने दाबून धरायचा रबरी टोकाचा प्रकार झटपट असला तरी त्याचे आकडे धरणाऱ्याच्या मनगटावर अवलंबून राहतात. इंजिन गरम करून, चारही प्लग काढून, कॉइलचा पुरवठा तोडून आणि अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून स्टार्टर फिरवला, तेव्हा पहिल्या, दुसऱ्या आणि चौथ्या सिलिंडरने 150 ते 155 पीएसआय (दाबाचे एकक) दाखवले आणि तिसऱ्याने अवघे 112. मग तिसऱ्यात प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडून पुन्हा मोजले. पिस्टनच्या रिंगा झिजल्या असत्या तर तेलाने फट बुजून आकडा चांगलाच चढला असता. तो जेमतेम हलला. म्हणजे गळती वरच्या बाजूला, झडपांपाशी होती. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकत्र पडले असते, तर मी हेड गॅस्केटवर (सिलिंडर ब्लॉक आणि हेड यांच्यामधील सीलवर) संशय घेतला असता.

व्हॅक्यूम गेजला मी सुरुवातीला दुय्यम मानले होते, पण महिन्या-महिन्याच्या देखरेखीसाठी आता तेच सर्वांत आधी हातात घेतो, कारण त्यासाठी काहीच उघडावे लागत नाही. समुद्रसपाटीजवळ निरोगी इंजिनाचा काटा आयडलिंगला साधारण 17 ते 21 इंच पाऱ्यावर (व्हॅक्यूम मोजण्याचे एकक) स्थिर राहतो. उंचीवर दर हजार फुटांमागे सुमारे एक इंच कमी धरावा. सगळीकडून हवा शिरत असेल तर काटा खाली पण स्थिर राहतो. एकच झडप गळत असेल तर तो नियमित ठोक्याने खाली झटके खातो. माझा काटा असे झटके खात होता, आणि त्यांची लय सायलेन्सरच्या फुसफुशीशी जुळत होती.

आता फीलर गेजकडे येतो. टॅपेट वाजत असतील तर बिघाड आणि शांत असतील तर सर्व ठीक, हा समज व्यापक आहे आणि तो घातक आहे. सैल टॅपेट टकटक करतो, थोडी शक्ती खातो, पण झडप मिटू देतो. घट्ट टॅपेट आवाज करत नाही आणि झडप किंचित उघडी ठेवतो. एक्झॉस्ट झडपेची बहुतेक उष्णता तिच्या सीटवाटे (झडप मिटल्यावर जिथे टेकते त्या कडेवाटे) हेडमध्ये जाते; सीटला पूर्ण टेकायलाच मिळाले नाही तर ती झडप तापत जाऊन कडेने जळते. माझ्या तिसऱ्या सिलिंडरच्या एक्झॉस्टवर, जिथे थंड इंजिनाला 0.20 मिमी गॅप (रॉकर म्हणजे झडप दाबणारा दांडा आणि झडपेचे टोक यांतील फट) हवी होती, तिथे 0.05 चे पातेही शिरेना. आवाज मात्र चारही सिलिंडरांत याच जागेचा सर्वांत कमी होता.

सेटिंगसाठी प्रत्येक झडप कॅमच्या पोटावर, म्हणजे कॅम तिला मुळीच दाबत नाही अशा स्थितीत, आणणे आवश्यक असते. आठ झडपा एका रांगेत असून 1-3-4-2 असा फायरिंग ऑर्डर (सिलिंडर पेटण्याचा क्रम) असलेल्या बहुतेक इंजिनांत नऊच्या बेरजेचा नियम उपयोगी पडतो : आठवी झडप पूर्ण दाबलेली असताना पहिली लावावी, सहावी दाबलेली असताना तिसरी, आणि याप्रमाणे पुढे. लॉकनट आवळताना स्क्रू हमखास थोडा फिरतो, म्हणून आवळल्यानंतरचे मापच खरे मानावे. पाते हलके अडकत सरकले पाहिजे. मात्र ‘हलके’ म्हणजे किती हे प्रत्येकाच्या बोटांवर ठरते, त्यामुळे 0.15 सहज जाते आणि 0.25 जात नाही, एवढी खात्री मी सोबत करून घेतो. रॉकरच्या टोकाला झिजून खळगा पडला असेल तर सपाट पाते त्या खळग्यावर पुलासारखे टेकते आणि प्रत्यक्ष गॅप मापापेक्षा जास्त राहते. माझ्या दोन रॉकरांची हीच अवस्था आहे. त्यांच्यासाठी डायल गेज (काट्याने सूक्ष्म हालचाल दाखवणारे माप) हवा; फीलर गेजची मर्यादा येथे उघड होते.

सेटिंगनंतर तिसऱ्या सिलिंडरचे कॉम्प्रेशन 140 पर्यंत आले, काटा शांत झाला आणि आयडलिंग सुधारले. उरलेली तूट झडपेची कड थोडी खाल्ली गेल्याची असावी.

परंतु पुढच्या महिन्यांत घेतलेली मापे तितकी समाधानकारक नाहीत. इनटेकच्या गॅप जागच्या जागी आहेत, मात्र तिसऱ्याची एक्झॉस्ट गॅप पुन्हा 0.15 वर आली आहे. स्क्रू सुटला असता तर गॅप वाढली असती. ती घटते आहे, म्हणजे झडप आपल्या सीटमध्ये रुतते आहे. बिडाच्या हेडमध्येच सीट कापलेली जुनी इंजिने शिसेयुक्त पेट्रोलच्या काळातील आहेत. त्या पेट्रोलमधील शिशाचा थर सीटला झिजेपासून वाचवीत असे, आणि 2021 मध्ये अल्जीरियातील विक्री थांबल्यावर गाड्यांसाठीचे असे पेट्रोल जगात कोठेच उरले नाही. दीर्घकाळ उच्च वेगाने चालवल्यास हे रुतणे वाढते, म्हणून तूर्त मी वेग आवरता ठेवतो आणि व्हॉल्व्ह कव्हर ठरल्या वेळेपेक्षा लवकर उघडतो. प्रत्येक माप तारीख व किलोमीटरसह वहीत लिहितो. घट याच वेगाने चालू राहिली, तर हेड उतरवून कठीण धातूच्या एक्झॉस्ट सीट बसवून घेणार आहे, आणि त्याच वेळी खळगा पडलेले दोन्ही रॉकरही बदलीन.