ऑनलाइन लिलावात नाणी घेणं-विकणं : रत्नागिरीत राहून आलेला अनुभव

ऑनलाइन लिलावांमधलं मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं, तर झालेल्या लिलावांची नोंद. कुठलं नाणं, कुठल्या अवस्थेतलं, किती वजनाचं, कधी आणि कितीला गेलं, हे सगळं फोटोसकट घरबसल्या बघता येतं. मुंबईच्या संग्राहकाला याचं तेवढं अप्रूप वाटणार नाही. त्याला फोर्टातले व्यापारी आहेत, प्रदर्शनं आहेत, रिझर्व्ह बँकेचं नाणेसंग्रहालय आहे. इथे आमच्याकडे जुन्या नाण्याचा भाव ठरवणारे दोघेच. एक सोनार, तो चांदीचा भाव लावणार आणि वर घट कापणार. दुसरा गावोगाव हिंडून जुनं सामान घेणारा, तो समोरच्याचा चेहरा बघून आकडा सांगणार. या दोघांच्या पलीकडे काही विचारायची सोय आता आहे, म्हणून हा अनुभव जरा सविस्तर लिहितोय.

मी मुख्यतः तांबं जमवतो. शिवराया आणि कंपनी सरकारचे तराजूवाले पैसे. टोडीवाला, ओसवाल, क्लासिकल न्युमिस्मॅटिक गॅलरी, मरुधर या लिलावगृहांचे कॅटलॉग नेमाने चाळतो. बोली प्रत्येक ठिकाणी लावतोच असं नाही. पौर्वात्य नाण्यांसाठी झेनो आणि एकूण ओळखीसाठी नुमिस्टा या साइट जोडीला असतात.

आधी शिवराईबद्दल, कारण घोळ तिथेच सगळ्यात जास्त आहे. समोर तीन ओळींत ‘श्री राजा शिव’, मागे दोन ओळींत ‘छत्र पति’. 1674 च्या राज्याभिषेकाशी हे नाणं जोडलं जातं आणि ते बरोबरच आहे. पण हीच अक्षरं पुढे पेशवाईत आणि त्यानंतरही कितीतरी टाकसाळींतून पडत राहिली; एकोणिसाव्या शतकातही शिवराई बाजारात चालत होती. ऑनलाइन मात्र विकणारा प्रत्येक जण ‘शिवकालीन, रायगड टाकसाळ’ असंच लिहितो. मागच्या बाजूला दोन आडव्या दांड्या असलेली दुदांडी शिवराई उत्तरकाळातली. ती सहज मिळते, वजनालाही हलकी असते. तिला रायगडची म्हणून दहापट किंमत लावलेली मी अनेकदा पाहिली आहे. ठसा नाण्याच्या चकतीपेक्षा मोठा असायचा, त्यामुळे कडेची अक्षरं बाहेर जातात. ‘श्री’ अर्धी, ‘पति’मधला ‘ति’ गायब. म्हणून एकट्या फोटोवर भागत नाही. वजन, अक्षरांचं वळण, कडेच्या टिंबांची माळ हे सगळं एकत्र बघावं लागतं. जुन्या लिलावांतले सारख्या ठशाचे नमुने शेजारी ठेवून बघितले की डोळा तयार होतो. ग्रॅममध्ये दशांशाची दोन स्थळं दाखवणारा छोटा वजनकाटा आणि दहापट भिंग, एवढ्या भांडवलावर हे काम चालतं.

लिलावात उतरायची रीत सोपी आहे. नोंदणी करायची, पॅन आणि पत्ता द्यायचा, काही ठिकाणी अनामत भरायची. लॉट, म्हणजे विक्रीला ठेवलेली एकेक वस्तू, एकामागून एक बंद होत जातात आणि शेवटच्या क्षणी बोली आली तर वेळ वाढते. मी समोर बसून आकडे चढवत नाही. आपली कमाल बोली आधीच टाकून ठेवतो. यंत्रणा दुसऱ्याच्या एक पायरी वर आपली बोली नेते आणि कमाल आकडा आला की थांबते. कोकणात हे फारच सोयीचं, कारण जून ते सप्टेंबरात वीज आणि नेटवर्क कधी दगा देईल सांगता येत नाही, आणि आवडीचा लॉट नेमका त्याच वेळी येतो.

खर्चाचा हिशेब नीट मांडून घ्यायला हवा. समजा हॅमर प्राइस, म्हणजे लिलावात थांबलेली शेवटची बोली, 4,000 झाली. खरेदीदाराचा प्रीमियम, म्हणजे लिलावगृह बोलीच्या वर घेतं ते शुल्क, 15 टक्के असेल तर 600 वाढले, म्हणजे 4,600. त्यावर जो लागू असेल तो जीएसटी, मग टपाल आणि विमा. नाणं हातात येईपर्यंत पाच हजारांच्या घरात जातं. विकणाऱ्याकडून 10 टक्के कमिशन कापलं तर त्याला मिळतात 3,600. म्हणजे एकाच नाण्यावर घेणारा आणि विकणारा यांच्यात हजार-चौदाशेचं अंतर पडतं. हे टक्के प्रत्येक ठिकाणी वेगळे असतात, नियमावलीत लिहिलेले असतात, आणि ते वाचल्याशिवाय बोली लावूच नये. मी उलट हिशेब करतो. नाणं मला एकूण पाच हजारांत पडायला हवं, तर कमाल बोली चार हजार. तेवढ्यात नाही आलं तर दुसऱ्याकडे जाऊ दे. हलक्या नाण्यांना हा मार्ग परवडतच नाही. पाचशेच्या नाण्याला टपाल आणि विम्याचा खर्चच जड जातो. ती प्रदर्शनात किंवा ओळखीच्या संग्राहकाशी अदलाबदल करूनच घ्यावीत.

विक्रीचा अनुभव सांगायचा तर शेजारच्या काकूंचा सांगतो. त्यांच्या सासूबाईंच्या ट्रंकेत रुपयांची पुरचुंडी निघाली. काकू मला दाखवायला आल्या तेव्हा दुसऱ्या हातात भांडी घासायची पावडर होती.

“जरा चकचकीत करून देते हां, मग बघ.”

“काकू, नका हो. पाणीसुद्धा लावू नका. आहेत तशीच द्या.”

“अरे, पण काळी पडलीयत रे. कोण घेईल?”

काळी पडलेलीच घेतात, हे पटवायला वेळ लागला. आपल्याकडे तांबं-पितळ आमसुलाने नाहीतर चिंचेने लख्ख करायची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय, तोच हात नाण्यावरही फिरतो. घासलेल्या नाण्यावर भिंगातून बारीक समांतर ओरखडे दिसतात, कॅटलॉगात ‘क्लीन्ड’ असा शेरा पडतो आणि भाव तिथेच बसतो. चांदीवर वर्षानुवर्षांत आपसूक चढलेली करडी-निळसर झाक संग्राहकाला हवी असते.

पुरचुंडीत बहुतेक एडवर्ड आणि पाचवे जॉर्ज होते. हे रुपये 11.66 ग्रॅमचे, त्यात 91.7 टक्के चांदी, म्हणजे शुद्ध चांदी सुमारे 10.7 ग्रॅम. यातली बरीचशी वर्षं इतकी सहज मिळतात की त्यांचा भाव चांदीच्या मागेच धावतो. ती लिलावात पाठवून कमिशन भरण्यात अर्थ नव्हता, हे मी काकूंना तेव्हाच सांगितलं. व्हिक्टोरियाचे काही 1862 सालचे होते. हे साल फसवं आहे, कारण 1874 पर्यंत रुपयांवर 1862 च छापलं जात होतं, आणि मुंबईच्या टाकसाळीत खरं वर्ष ओळखायला बारीक टिंबं टाकत. टिंबं किती आणि कुठे, यावर भाव फिरतो. ती भिंगाखाली मोजून मी वेगळी काढली.

आणि एक 1911 चा निघाला. जॉर्ज राजाच्या झग्यावर जी माळ आहे तिच्यात हत्ती कोरलेला आहे, पण सोंड आखूड पडल्याने तो डुकरासारखा दिसतो अशी ओरड झाली. नाणी परत घेतली गेली आणि 1912 पासून हत्ती सुधारला. संग्राहक याला डुकराचा रुपयाच म्हणतात. काकूंचं नाणं फार झिजलेलं नव्हतं, माळेतला तो प्राणी भिंगातून स्वच्छ दिसत होता. आधीच्या लिलावांत त्याच अवस्थेतले 1911 कितीला गेले ते मी काढून दाखवलं. सोनाराने पुरचुंडीतल्या बाकीच्या रुपयांसारखाच भाव याचाही केला होता. लिलावात तो त्याच्या कितीतरी वर गेला. पैसे यायला मात्र कित्येक आठवडे लागले. आधी नाणी पोचायची, मग ती तपासून कॅटलॉगात यायची, मग लिलाव, मग खरेदीदाराने पैसे भरायचे, मग हिशेब. घाईच्या गरजेला हा मार्ग उपयोगाचा नाही, हे विकणाऱ्याला आधीच स्पष्ट सांगावं.

एक तक्रार आहे. एका विक्रेत्याकडून, नाव घेत नाही, तराजूचा पैसा घेतला होता. या नाण्यांचं मला विशेष प्रेम. 1791 आणि 1794 ची ही नाणी मुंबई इलाख्यासाठी बर्मिंगहॅमला बोल्टनच्या सोहो कारखान्यात वाफेच्या यंत्रावर पडली. एका बाजूला कंपनीची खूण, दुसऱ्या बाजूला तराजू आणि त्याखाली अरबी लिपीत ‘अदल’, म्हणजे न्याय. वर्णनात ‘मूळ रंग’ लिहिलेलं होतं. पाकीट उघडलं तेव्हा अक्षरांच्या खाचांत गुलाबी तांबं चमकत होतं आणि वर तपकिरी थर चढवलेला होता, म्हणजे नाणं साफ करून वरून रंग दिलेला. परत घ्यायला त्याने आधी नकार दिला. नियमावलीतलं परतीचं कलम आणि पाकीट फोडतानाचा व्हिडिओ पाठवल्यावर घेतलं. तेव्हापासून व्हिडिओशिवाय एकही पाकीट उघडत नाही.

व्हॉट्सअ‍ॅप आणि फेसबुकवरचे लिलाव स्वस्त, प्रीमियम नाही, पण सगळं भरवशावर. माझ्या ओळखीचे चोख व्यवहार करणारे लोक तिथे आहेत आणि त्यांच्याकडून मी घेतो. पण तिथलाच गाळ आपल्या गावांपर्यंत येतो. देवादिकांची चित्रं असलेली ‘ईस्ट इंडिया कंपनी 1818’ची तांब्याची नाणी कंपनीने कधीच पाडली नाहीत, ती टोकनं आहेत. तरी ती ‘तांदूळ खेचणारी’, म्हणजे अंगच्या शक्तीने तांदूळ ओढून घेणारी, असं सांगून लाखांत विकायचा धंदा चालतो आणि त्यात कोकणातली घरं बुडाली आहेत. 2012 ची वैष्णोदेवीची पाच-दहाची नाणी सरसकट चलनात आलेली आहेत, त्यांना कोणी लाखो देणार नाही. जुनी नाणी विकत घेतो सांगून आधी शुल्क किंवा कर मागणाऱ्यांपासून सावध राहा, असं रिझर्व्ह बँकेने 2021 मध्ये जाहीर केलं होतं. खरा लिलाव विकणाऱ्याकडे आधी पैसे मागून लाखांचं आमिष दाखवत नाही. कमिशन विक्रीच्या रकमेतून कापून घेतो.

नाणं घरी आल्यावरचं काम आमच्याकडे घाटावरच्यापेक्षा जास्त. खारा वारा आणि पावसाळ्यातला दमटपणा तांब्याचा शत्रू. तांब्यात क्लोराइड शिरलं की फिकट हिरवी भुकटी फुटते, झाडली तरी पुन्हा येते, आणि शेजारच्या नाण्यांवरही लक्ष ठेवावं लागतं. जुना घट्ट बसलेला गडद थर वेगळा, त्याला हात लावू नये. मऊ, वास येणारी पीव्हीसीची पाकिटं मी पूर्ण बंद केली. ती नाण्यावर हिरवट चिकट थर सोडतात. तो थर शुद्ध अ‍ॅसिटोनमध्ये बुडवून निघतो, न घासता. हे काम उघड्यावर आणि विस्तवापासून लांब करावं. आता मायलारच्या, म्हणजे पारदर्शक प्लास्टिकच्या, खिडकीचे पुठ्ठ्याचे होल्डर, घट्ट झाकणाचा डबा आणि आत ओल शोषणारी सिलिका जेल, कोरडी असताना निळी दिसणारी. गुलाबी झाली की तापवून परत निळी करतो. श्रावणात हे वरचेवर करावं लागतं. नाणं कडेला धरायचं, बोटांचा घाम लागू द्यायचा नाही. नाणी तपासून दर्जा देणाऱ्या पीसीजीएस किंवा एनजीसी कंपनीच्या स्लॅबमधलं, म्हणजे प्लास्टिकच्या सीलबंद डबीतलं, नाणं हाताळायला सोपं, पण तांब्यासाठी स्लॅबलाही मी कोरड्या डब्यातच ठेवतो.

कायद्याचंही सांगतो, कारण इथे घरं पाडून नवी बांधताना जोत्याखाली भांडी निघतात. जमिनीत दडवलेलं 10 रुपयांपेक्षा जास्त किमतीचं काही सापडलं तर 1878 च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना लेखी कळवावं लागतं. असलं नाणं लिलावाला कुणी माझ्याकडे आणलं तर मी घेत नाही, कचेरीचा रस्ता दाखवतो. आणि शंभर वर्षांवरचं नाणं 1972 च्या कायद्याने पुरावस्तू ठरतं, ते परदेशी खरेदीदाराला पाठवता येत नाही. काकूंच्या पुरचुंडीतले पाचव्या जॉर्जचे सगळे रुपये त्यात आले, कारण ते 1922 च्या पुढचे नाहीतच.

जिथे मला लिलावगृहांशी भांडावं लागतं ती गोष्ट ही. नाणं कुठल्या घरातून आलं, कुठल्या गावात पिढ्यान्‌पिढ्या होतं, हे कॅटलॉगात कोणी छापत नाही. या किनाऱ्यावर आदिलशाहीच्या वाकवलेल्या चांदीच्या तारेच्या लाऱ्या चालल्या, पोर्तुगीजांची नाणी चालली, आंग्र्यांची, हबशांची, कंपनीची चालली. कुठल्या बंदरात काय चालत होतं हे कळायला अशा घरगुती नोंदीच कामाच्या. दाभोळच्या खाडीकाठच्या घरात राहिलेली लारी आणि मुंबईच्या दुकानातून आलेली लारी लिलावात एकाच भावाने जाईल, पण अभ्यासाला पहिली जास्त बोलेल. जुन्या लिलावांच्या नोंदींचा मला एवढा उपयोग झाला, तर त्या नोंदीत आपलंही काही नीट पडावं असं वाटतं. म्हणून मी विक्रीला देताना अर्जातच मालकाच्या परवानगीने गाव आणि तालुका लिहितो, घराचं नाव नाही. पहिल्या वेळी ती ओळ गाळली गेली. आता ती वर्णनात छापायची अट मी आधीच मान्य करून घेतो. अलीकडे दोन ठिकाणी ती तशीच छापून आली. एकाने नकार दिला, तिथून लॉट परत मागवला.