चौदा वर्षांची चिंगी आणि तपकीर गल्लीतला कॅमेरा

हा कॅमेरा चोरांसाठी बनवलाय. खोक्यावर तोंडाला फडकं बांधलेला एक इसम खिडकीतून आत शिरताना दाखवलाय. आमच्या सहकारनगरच्या घरात त्या इसमाच्या हाती तांब्याचा बंब आणि मी पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालो तेव्हा मिळालेलं घड्याळ, एवढंच लागेल. कॅमेरा घेतला तो कुत्रीसाठी. त्या कामाला मी त्याला पाचपैकी चार तारे देतो.

घरात लावायचा, मान फिरवणारा, वाय-फायवर चालणारा साधा कॅमेरा. किंमत चोवीसशे रुपये, मेमरी कार्ड वेगळं. तपकीर गल्ली म्हणजे पुण्याचा विजेच्या सामानाचा बाजार; तिथल्या दुकानदाराने विचारलं, "घरासाठी की दुकानासाठी?" मी म्हटलं, "कुत्रीसाठी." पुण्यात दुकानदाराला आश्चर्य वाटलं तरी तो ते दाखवत नाही. त्याने मुकाट्याने दुसरं खोकं काढलं आणि म्हणाला, "मग हा न्या, मिट्ट काळोखातही दिसतं." कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे तक्रारी आहेत आणि या किमतीतल्या सगळ्या कॅमेऱ्यांची जात एकच असावी असा माझा संशय आहे.

चिंगी पांढरी स्पिट्झ आहे. सगळी सोसायटी तिला पॉमेरियन म्हणते, तो वाद मी सोडून दिलाय. तिचं रात्रीचं भुंकणं वाढलं होतं, पण खरी गोष्ट कळली ती खालच्या मजल्यावरच्या आजोबांकडून. ते म्हणाले, "अहो, रात्री दोनला तुमच्याकडे कोण फिरतं? टिकटिक टिकटिक, डोक्यावर नखं वाजतात." आम्ही दार लावून झोपतो. भुंकणं ऐकून उठावं, दिवा लावावा, तर चिंगी समोर शेपूट हलवत उभी. दवाखान्यात तर त्याहून कमाल. टेबलावर ठेवली की कान टवकारलेले, नजर डॉक्टरांच्या खिशावर, सगळं कसं जागच्या जागी. डॉक्टरबाई म्हणाल्या, "काका, माझ्यासमोर ही एकदम शहाण्यासारखी वागतेय. रात्री नेमकं काय करते ते मला सांगा." ते आम्हालाच माहीत नव्हतं.

कॅमेरा हॉलमधल्या पुस्तकांच्या कपाटावर ठेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी चहा पिताना अ‍ॅपमध्ये रात्रीचं चित्रीकरण पुढे ढकलत पाहिलं. साडेअकरापर्यंत झोप. मग उठून पाणी. पावणेदोनला ती पुन्हा उठली आणि हॉलच्या कडेकडेने चालायला लागली. सोफा, जेवणाचं टेबल, बाल्कनीचं दार, परत सोफा. दिशा कायम एकच, उजवीकडून डावीकडे. मधेच कपाट आणि भिंत यांच्यामधल्या वीतभर फटीत डोकं घालून थांबली. मागे सरकायचं तिला सुचेना. पुढे जागा नाही आणि मागे जाता येतं हे ठाऊक नाही, अशी ती बराच वेळ भिंतीकडे तोंड करून उभी होती, आणि मग भुंकली. म्हणजे आम्ही जे भुंकणं ऐकत होतो ते तिथून येत होतं. तोवर सगळे म्हणत होते, हिला म्हातारचळ लागलाय, उगाच भुंकते.

आणखी एक गोष्ट मी कॅमेऱ्याशिवाय कधीच पाहिली नसती. बाल्कनीचं दार अर्धवट उघडं असायचं. चिंगी बाहेर जायला दाराशी यायची, पण उघड्या बाजूला नाही, बिजागरीच्या बाजूला. तिथे नाक लावून दार उघडण्याची वाट बघायची. तीच कुत्री संध्याकाळी फाटकाच्या कडीचा आवाज ओळखून धावत जायची, त्यामुळे दिवसा कोणाला शंका यावी असं काही नव्हतं. अंधारात इन्फ्रारेडमुळे तिचे डोळे दिव्यासारखे चमकतात, त्यामुळे डोकं कुठल्या दिशेला आहे हे छान कळतं. ही त्या चोवीसशे रुपयांतली सर्वांत कामाची सोय.

क्लिप पाहिल्यावर डॉक्टरबाईंनी लगेच निदान सांगितलं नाही, हे मला आवडलं. आधी रक्त-लघवी, मूत्रपिंडं, थायरॉइड, रक्तदाब, कंबरेचा एक्स-रे. म्हाताऱ्या कुत्र्याला सांधे दुखत असतील तरी ते रात्री येरझाऱ्या घालतं, ऐकू कमी येत असेल तरी दचकून भुंकतं, लघवीचा संसर्ग असेल तर शिस्तीचं कुत्रंही घरात लघवी करतं. मेंदूचं दुखणं म्हणायच्या आधी बाकीचं खोडून काढायचं. चिंगीच्या कंबरेत थोडा संधिवात निघाला, बाकी ठीक होतं. मग त्यांनी सांगितलं ते कुत्र्यांच्या मेंदूच्या ऱ्हासाबद्दल. माणसांच्या अल्झायमरमध्ये मेंदूत साठतं तेच बीटा-अमायलॉइड प्रथिन म्हाताऱ्या कुत्र्यांच्या मेंदूतही साठतं. लक्षणं ठरलेली आहेत: दिशा चुकणं, घरच्या माणसांशी वागणं बदलणं, झोपेचं गणित उलटं होणं, घरात घाण करणं, हालचाल एकतर घटणं किंवा उगाच वाढणं, आणि घाबरटपणा. 2001 साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिसमधल्या संशोधकांनी मोजलं तेव्हा 11-12 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 28 टक्क्यांमध्ये आणि 15-16 वर्षांच्या कुत्र्यांपैकी 68 टक्क्यांमध्ये यातलं किमान एक लक्षण सापडलं. ही टक्केवारी ऐकून आमच्या हिचा जीव थोडा भांड्यात पडला. चिंगीचं काहीतरी जगावेगळं झालंय असं तिला वाटत होतं.

आता कापलेल्या ताऱ्याबद्दल. अ‍ॅप भयंकर आहे. उघडलं की आधी 'क्लाउड घ्या', मग 'दरमहा अमुक भरा', मग कुठे आपलं घर दिसतं. कार्ड घातलं की क्लाउड, म्हणजे कंपनीकडची भाड्याची साठवण, लागत नाही, हे ते सांगत नाहीत, मी सांगतो. हालचालीच्या सूचना पडदा हलला तरी येतात. पंख्याच्या सावलीला येतात. आमच्या ट्यूबलाइटमागच्या पालीचं तर संपूर्ण चरित्र माझ्याकडे जमा झालंय. घरचं वाय-फाय पाच गिगाहर्ट्झवर असेल तर हा जोडला जात नाही, 2.4 गिगाहर्ट्झचं नेटवर्क वेगळं चालू करावं लागतं. त्यासाठी भाच्याला बोलवावं लागलं. गुरुवारी वीज गेली की परत आल्यावर कॅमेरा तोंड भिंतीकडे करून बसतो. आणि मान फिरवून मागोमाग बघण्याची जी सोय खोक्यावर मोठ्या अक्षरांत छापलीय ती कुत्र्यासाठी बंदच ठेवा. मोटरची बारीक घरघर होते, चिंगी थांबून वर बघायला लागते आणि जे बघायचं तेच बिघडतं.

बोलण्याची सोय त्याहून घातक. ही नाशिकला बहिणीकडे गेली होती, तिथून फोनवरून प्रेमाने म्हणाली, "चिंगे, झोप गं आता." आवाज कपाटावरून आला. चिंगी आतल्या खोलीत गेली, पलंगाखाली पाहिलं, स्वयंपाकघरात पाहिलं, परत आली. जिला आधीच घर सापडत नाही तिला माणूस नसलेल्या जागेतून आवाज देऊ नये. त्या दिवसापासून स्पीकर बंद. उलट बाजूने एक परिणाम असा की ही आता रात्री पाणी प्यायला हॉलमधून जाताना कॅमेऱ्याकडे बघून पदर सावरते.

कॅमेऱ्याचा खरा फायदा निदानानंतर सुरू होतो, आणि हे कोणी सांगत नाही म्हणून जरा सविस्तर लिहितो. म्हाताऱ्या कुत्र्यासाठी बाजारात पुड्या, गोळ्या, तेलं भरपूर आहेत. पैसे दिलेत म्हटल्यावर आपल्याला गुण दिसायलाच लागतो. कॅमेऱ्याला पैशांचं काही देणंघेणं नसतं. मी नोकरीत आयुष्यभर नकाशे काढले, तेव्हा एका वहीत रात्रीच्या येरझाऱ्यांची वेळ लिहायला लागलो. बोहरी आळीतून आणलेली खाचांची रबरी मॅट हॉलच्या गुळगुळीत फरशीवर कडेकडेने अंथरली, तर त्याच आठवड्यात फरक दिसला. पाय घसरत नाहीत म्हणून ती मधेच बसते, झोपते. नखांचा आवाजही बंद, त्यामुळे खालचे आजोबाही खूश. पाण्याच्या भांड्याजवळ आणि बाल्कनीच्या दाराशी प्लगमध्ये लावायचे छोटे पिवळे दिवे लावले, त्याचाही उपयोग. कपाटाची फट थर्माकोलच्या तुकड्याने बुजवली. सामान हलवायचं नाही हे ठरलं, त्यामुळे दिवाळीची साफसफाई यंदा अर्धीच झाली, याबद्दल मी चिंगीचा ऋणी आहे. दुपारी जास्त झोपू न देता चारच्या उन्हात सोसायटीला एक चक्कर, तीही तिच्या वेगाने, दर झाडाशी थांबत.

महागडी आयुर्वेदिक पुडी? वहीत शून्य फरक. खोबरेल तेल सुचवणारे तर घरोघरी आहेत. संशोधन आहे ते मध्यम साखळीच्या स्निग्धांशांवर. 2010 साली छापून आलेल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या बीगल कुत्र्यांना आठ महिने ते आहारातून दिल्यावर शिकण्याच्या चाचण्यांत सुधारणा दिसली होती. खोबरेल म्हणजे निव्वळ ते स्निग्धांश नव्हेत, आणि चमचाभर जास्त झालं की काय होतं हेही कॅमेऱ्याने स्वच्छ टिपलं. हॉलची फरशी तीनदा पुसली.

औषध डॉक्टरबाईंनी दिलं ते सेलेजिलीन. माणसांच्या पार्किन्सनवरचं हे औषध 1998 साली अमेरिकेत कुत्र्यांच्या या आजारासाठीही मंजूर झालं. सकाळी एकदाच द्यायचं, आणि परिणाम दिसायला महिना-दीड महिना जातो. त्यांनी एक गोष्ट दोनदा बजावली, ती मी इथे तिसऱ्यांदा लिहितो, कारण पुण्यात गोचीड नसलेलं कुत्रं विरळा: गोचिडांसाठी अंघोळीच्या पाण्यात घालतात ते अमिट्राझ सेलेजिलीन चालू असताना वापरायचं नाही. दोन्ही एकाच प्रकारच्या एन्झाइमवर काम करतात. दुखण्यासाठी ट्रामाडॉल किंवा वागणुकीसाठी फ्लुओक्सेटीन चालू असेल तरी आधी डॉक्टरांना सांगायचं. चिंगीला याने गुण आला का? थोडा. ती अजून फिरते, पण भिंतीशी थांबून भुंकणं कमी झालंय आणि पहाटेची झोप लांबली आहे. हे मी वहीत बघून लिहितोय.

कोणी घेऊ नये? ज्यांना रात्री उठून उठून फोन बघायची सवय लागेल त्यांनी. आमच्या हिला ती लागली होती, शेवटी अ‍ॅप तिच्या फोनवरून काढलं. कुत्रं तरुण असेल तरीही नको, ते दोन दिवसांत वायर खाईल.

घेणार असाल तर 64 जीबीचं कार्ड पुरतं, जुनं आपोआप पुसलं जातं. पहिल्याच दिवशी मूळ पासवर्ड बदला. कॅमेरा कपाटावर उलटा टांगण्यापेक्षा गुडघ्याच्या उंचीवर ठेवलेला बरा, चाल नीट दिसते; फक्त शेपटीच्या टप्प्याबाहेर ठेवा. पडद्यावर तारीख-वेळ चालू ठेवा आणि डॉक्टरांना पाठवताना दोन-तीन मिनिटांचाच तुकडा पाठवा, तोही व्हॉट्सअ‍ॅपवर डॉक्युमेंट म्हणून. साधा व्हिडिओ म्हणून पाठवला की अंधारातलं चित्र फाटतं आणि पांढरी कुत्री नुसता ढग दिसते.