आडाचं पाणी, खानापूरची माती आणि आठ झेब्रे : दोन फुटी झाडांच्या टाकीचे अकरा महिने

मृगाच्या आठवड्यात टाकी घरी आणली, आता वळीव पडून गेलेत आणि पुढचा मृग तोंडावर आहे. अकरा महिने झाले. झाडं लावलेली, गोड्या पाण्याची माशांची छोटी टाकी बेळगावातल्या साध्या घरात जमते का, असं मला शाळेतल्या दोघीतिघींनी विचारलंय. जमते. पण मासे शेवटी आणायचे, आणि आपलं पाणी बघून आणायचे. हे मला दोनदा टाकी भरून कळलं, म्हणून सविस्तर लिहिते.

आम्ही अनगोळला राहतो. घरामागे आड आहे, शिवाय नळाचं पाणी दिवसाआड किंवा त्याहून उशिरा येतं. टाकी काचवाल्याकडून मापानं करून घेतली : २४ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच, ५ मिलिमीटर काच. माती, वाळू, दगड आणि वर सोडलेली दीड इंच जागा वजा केली तर प्रत्यक्षात ३८ ते ४० लिटर पाणी बसतं. हा आकडा मोजून लिहून ठेवा. औषधाचा डोस याच आकड्यावर घ्यायचा असतो, दुकानदारानं सांगितलेल्या मापावर नाही. भरलेली टाकी ६० किलोंच्या घरात जाते, तेव्हा टीव्हीच्या हलक्या टेबलावर ठेवू नका. मी जुन्या शिवणयंत्राच्या लाकडी स्टँडवर जाड फळी टाकली आणि काचेखाली थर्माकोल घातला. एकदा भरल्यावर टाकी हलवता येत नाही, म्हणून खिडकीचं थेट ऊन येणार नाही अशी भिंत आधीच निवडली.

मातीबद्दल सगळ्यात जास्त लिहायचंय, कारण तिथंच माझा पहिला महिना वाया गेला. माझं माहेर खानापूर तालुक्यातलं. तिकडची तांबडी माती लोहानं भरलेली, झाडांना चांगली, म्हणून परड्यातून दोन पिशव्या आणल्या. चाळली, टाकीत दीड इंच थर दिला, वर वाळू घातली, झाडं लावली आणि पाणी भरलं. चौथ्या दिवशी पाणी चहासारखं झालं, आठव्या दिवशी वास यायला लागला. पाणी तपासायच्या टेस्ट किटमध्ये अमोनियाचा रंग गडद हिरवा, म्हणजे ४ पीपीएम (दहा लाख भागांत चार भाग). आईला फोन केला तेव्हा कळलं, त्या कोपऱ्यात दोन वर्षं शेणखताचा ढीग होता. शेणखत पाण्याखाली कुजतं आणि त्यातून अमोनिया सुटत राहतो. त्या पाण्यात मासे असते तर दोन दिवसांत गेले असते. मासे आणले नव्हते, एवढं एक बरं झालं.

सगळं उपसून टाकलं. दुसऱ्यांदा माती घेतली ती घरामागच्या उतारावरची, जिथं कधी खत पडलं नव्हतं. ती बादलीत भिजवायची, वर आलेला पाचोळा आणि मुळं काढायची, पाणी ओतून द्यायचं, उन्हात वाळवायची. असं तीन वेळा केलं. पावसाळ्यात ऊन मिळत नव्हतं म्हणून शेवटची खेप चुलीपाशी पत्र्यावर वाळवली. या वेळी थर एक इंचच दिला, आणि वर बांधकामाची जाडसर वाळू दीड इंच. वाळूवर आधी व्हिनेगर टाकून बघा. फेस आला तर तिच्यात चुना आहे, ती पाणी जड करत राहील. फार बारीक वाळूही नको. ती घट्ट बसते, खाली हवा पोचत नाही आणि काळे डाग आणि कुजक्या अंड्यासारख्या वासाचे बुडबुडे तयार होतात. झाडांबरोबर आलेल्या टोकदार शंखांच्या छोट्या गोगलगायी वाळूत शिरून ती हलवत राहतात, म्हणून मी त्या काढून टाकल्या नाहीत.

दुसऱ्या वेळचा अमोनिया १ पीपीएमवर जाऊन थांबला. तिसऱ्या आठवड्यात नायट्राइट चढलं, सहाव्या आठवड्यात दोन्ही शून्यावर आले. आत काय घडत होतं ते थोडक्यात सांगते. एका जातीचे जिवाणू अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसऱ्या जातीचे त्या नायट्राइटचं नायट्रेट करतात, आणि नायट्रेट झाडं खातात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही माशांना विषारी आहेत. हे जिवाणू स्पंजच्या फिल्टरवर, वाळूवर, पानांवर चिकटून वाढतात आणि त्यांना वेळ लागतोच. रोज संध्याकाळी मी टाकीसमोर बसलेली बघून मामंजी विचारायचे, "काय बघूलालीस गं, मासा तर एक नाही त्यात." मी त्यांना किटच्या नळीतला रंग दाखवायची. महिनाभरात तेच सकाळी विचारायला लागले, आज रंग काय म्हणतो.

आता पाणी. आमच्या भागातलं नळाचं पाणी राकसकोप आणि हिडकलहून येतं आणि त्यात क्लोरीन असतं. ते फिल्टरमधल्या जिवाणूंनाही मारतं आणि माशांच्या कल्ल्यांनाही भाजतं. नळाचं पाणी वापरायचं तर उघड्या बादलीत दिवसभर ठेवून पंपाला जोडलेल्या, बुडबुडे सोडणाऱ्या हवेच्या दगडानं ढवळायचं किंवा सोडियम थायोसल्फेटचे थेंब घालायचे. मी आडाचं वापरते. त्यात क्लोरीन नाही, पण वेगळी खोड आहे. आडातून काढल्या काढल्या पीएच (आंबटपणाचं माप, ७ च्या खाली आंबट) ६.६ येतो, तेच पाणी रात्रभर बादलीत ठेवलं की सकाळी ७.२. जमिनीखालच्या पाण्यात कार्बन डायऑक्साइड विरघळलेला असतो, तो उडून गेला की पीएच चढतो. ताजं पाणी तसंच ओतलं तर माशांना एकदम फरक बसतो, शिवाय त्यात ऑक्सिजनही कमी असतो. म्हणून आदल्या रात्री काढायचं, हवा लावायची, दुसऱ्या दिवशी घालायचं. आणखी एक गोष्ट वर्षभर मोजली म्हणून दिसली : श्रावणात आड तुडुंब असताना टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार, १८० होता, मे महिन्यात पाणी तळाला गेल्यावर ३१०. उन्हाळ्यात मी एकदम दहा लिटर बदलत नाही, पाच-पाच लिटर दोनदा बदलते.

काढलेलं पाणी तुळशीला आणि परड्यातल्या अळूला जातं. अळूची पानं यंदा केवढी झालीत, ते आमच्या घरी येऊन बघण्यासारखं आहे.

झाडांत व्हॅलिस्नेरिया, क्रिप्टोकोराइन, हायग्रोफिला, आणि लाकडाच्या ओंडक्याला दोऱ्यानं बांधलेले जावा फर्न आणि अनुबियास. शेवटच्या दोघांचं जाड आडवं खोड वाळूत पुरलं की ते कुजतं, बांधूनच ठेवायचं. क्रिप्टोकोराइननं दहा दिवसांत सगळी पानं गाळली. मी उपटून टाकणार होते, पण मुळं पांढरी आणि घट्ट होती म्हणून राहू दिलं, आणि महिन्यानं नवी पानं आली. जागा आणि पाणी बदललं की ही झाडं असं करतातच. क्रिप्टोकोराइनची एक जात आपल्या सह्याद्रीतल्या ओढ्यांत रानटी उगवते, त्यामुळे खानापूरकडून आणू का असं काही जण विचारतात. तिकडचं भीमगड हे अभयारण्य आहे, तिथून काहीही उपटून आणायचं नाही. दुकानात मिळतात ती झाडं पुरेत.

दिवा १८ वॅटचा एलईडी, टायमरवर ७ तास. सुरुवातीला १० तास ठेवला तेव्हा पानांवर केसांसारखं हिरवं शेवाळ चढलं, तास कमी केल्यावर महिन्यात ओसरलं. कार्बन डायऑक्साइडचा सिलिंडर घेतला नाही आणि या झाडांना त्याची उणीव भासली नाही.

माशांत मी आठ झेब्रा डॅनिओ घेतले. दुकानात निऑन टेट्रा पुढे केले होते, दिसायला सुंदर आहेत, पण ते ॲमेझॉनच्या मऊ, आंबट पाण्यातले, आणि माझ्या आडाचं पाणी उन्हाळ्यात उलट दिशेला जातं. झेब्रा आपल्याच गंगा-ब्रह्मपुत्रेच्या खोऱ्यातला. १८२२ साली फ्रान्सिस हॅमिल्टननं त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. आज जगभरच्या प्रयोगशाळांत तो पाळतात, कारण त्याच्या अंड्यातलं पिल्लू काचेसारखं पारदर्शक असतं आणि वाढताना दिसतं. थंडी आणि पाण्यातले फरक तो बऱ्यापैकी सोसतो. कळपातला मासा आहे, सहापेक्षा कमी घेऊ नका. उडीही मारतो. आमचा एक असाच गेला, तेव्हापासून वर मच्छरदाणीची चौकट बसवलीय.

त्याच दुकानात "काच साफ करायला" म्हणून सकर मासा देत होते. घेऊ नका. बोटाएवढा दिसतो, पण फूटभराहून मोठा होतो, दोन फुटी टाकीत त्याचा जन्म म्हणजे कोंडवाडा. मग लोक कंटाळून तो तळ्यात नाहीतर नदीत सोडतात आणि तिथल्या माशांवर संकट येतं. टाकीतलं काहीही, जास्तीची झाडंसुद्धा, किल्ल्याजवळच्या तलावात किंवा मार्कंडेय नदीत टाकू नका, अशी माझी हात जोडून विनंती आहे.

तीन प्रसंग सांगते, कारण पुढच्यांना उपयोग होईल.

दिवाळीच्या झाडलोटीत जाऊबाईंनी मायेनं फिल्टरचा स्पंजही नळाखाली स्वच्छ धुतला. तिसऱ्या दिवशी अमोनिया ०.५. आठवडाभर रोज एक तृतीयांश पाणी बदललं, खाणं निम्म्यावर आणलं, झाडांनीही हात दिला. एकही मासा गेला नाही. स्पंज टाकीतूनच काढलेल्या पाण्यात दोनदा पिळायचा, बस्स.

डिसेंबरात पहाटे टाकीतलं पाणी १८ अंशांवर आलं. झेब्रे ठीक होते. पण त्याच आठवड्यात मी दोन हनी गुरामी आणून थेट टाकीत सोडले, आणि पाच दिवसांनी त्यांच्या अंगावर मिठाच्या कणांसारखे पांढरे ठिपके. हा परजीवी आहे. अंगावर चिकटलेला असताना औषध लागत नाही, तो सुटून पाण्यात पोहतो तेव्हाच मरतो. म्हणून ५० वॅटचा हीटर आणून दोन दिवसांत हळूहळू ३० अंशांवर नेलं, म्हणजे त्याचं चक्र लवकर फिरतं, आणि हवा वाढवून दोन आठवडे तसंच ठेवलं. एक गुरामी वाचला. दुसरा गेला तो माझ्या घाईनं. आता नवीन मासा तीन आठवडे वेगळ्या बादलीत राहतो.

एप्रिलमध्ये वळवाच्या वाऱ्यात संध्याकाळी वीज गेली ती पहाटे आली. चारच्या सुमारास बघते तर सगळे मासे पृष्ठभागावर तोंड काढून. कोमट पाण्यात ऑक्सिजन कमी मावतो, आणि रात्री झाडंही तोच वापरतात. घरातल्या आम्ही दोघी आळीपाळीनं तांब्यानं पाणी वर घेऊन उंचावरून ओतत बसलो. दुसऱ्याच दिवशी बॅटरीवरचा हवेचा पंप आणला. इतर काही घेण्याआधी हा घ्या.

खर्च विचाराल तर काच, दिवा, स्पंज, दोन पंप, हीटर, टेस्ट किट, झाडं, मासे मिळून साडेसहा हजारांच्या आत बसलं. टेस्ट किट महाग वाटतं, पण त्याच्याशिवाय मी पहिल्याच आठवड्यात मासे सोडले असते.

गेल्या रविवारी व्हॅलिस्नेरियाची बारा रोपं काढून शहापूरच्या माझ्या मैत्रिणीला दिली, सोबत धुतलेली माती आणि फिल्टरमधला निम्मा स्पंज, म्हणजे तिचे जिवाणू लवकर बसतील. तिचा मुलगा मासे कधी आणायचे म्हणून मागे लागलाय. मी त्याला किट कसं वापरायचं ते शिकवलं आणि सांगितलं, अमोनिया आणि नायट्राइटच्या दोन्ही नळ्या आठवडाभर शून्य दाखवायला लागल्या की मला फोन कर, तोवर नागपंचमी येईल.