जुना सीडी ड्राइव्ह घेताय? आधी मागची बाजू बघा

सांगली-मिरजेत जुन्या कॉम्प्युटरची हौस असलेले आम्ही मूठभर. पण या मालाला भाव आल्यापासून आम्हाला हेरून ठेवणारेही तयार झालेत. त्यातल्या एकाने मला २,२०० रुपयांची टोपी घातली.

घरी ४८६ मशीन, म्हणजे नव्वदच्या दशकातला जुना पीसी, पुन्हा उभं करतोय. त्याला त्याच काळातला डबल स्पीड सीडी ड्राइव्ह हवा होता, म्हणजे सेकंदाला ३०० केबी वाचणारा. शहरातल्याच एका जुना माल विकणाऱ्याने व्हॉट्सॲपवर फोटो पाठवला. आयडीई म्हणजे हार्ड डिस्क जोडायचं ४० पिनांचं नेहमीचं कनेक्शन, ते मशीनमध्ये असतंच. म्हणून मी लेखी विचारलं, "आयडीई आहे ना? वेगळं कार्ड लागणार नाही ना?" उत्तर आलं, "१०० टक्के आयडीई. ४० पिना हायत की साहेब. टेस्टेड माल." दुकानात गेल्यावर त्याने पॉवर जोडून ट्रे बाहेर काढून दाखवला, हिरवा दिवा लागला. हेच त्याचं टेस्टिंग. ट्रे आणि दिवा नुसत्या पॉवरवर चालतात, डेटा केबलचा त्यात काही संबंध नाही. पण समोर लेखी शब्द होता, मी पैसे दिले.

घरी आल्यावर डॉसमध्ये आयडीईचा ड्रायव्हर टाकला. ड्राइव्ह सापडेचना. मग एमएससीडीईएक्स या, डॉसला सीडी वाचता यावी म्हणून लागणाऱ्या प्रोग्रॅमचा ठरलेला संदेश: डिव्हाइस ड्रायव्हर नॉट फाउंड. केबल बदलली, जागा बदलली, तेच. शेवटी वर चिकटवलेलं 'आयडीई, टेस्टेड ओके' असं पांढरं स्टिकर हेअर ड्रायरने गरम करून सोललं. खाली कंपनीचं मूळ लेबल शाबूत: मात्सुशिता, सीआर-563-बी. म्हणजे पॅनासॉनिकचा ड्राइव्ह, जो क्रिएटिव्ह कंपनी साउंड ब्लास्टर या आवाजाच्या कार्डाच्या किटमधून विकायची. स्टिकर नेमकं मॉडेल नंबरावर बसवलेलं, आता याला योगायोग म्हणायचं का?

या ड्राइव्हला ४० पिना असतात हे खरं, पण त्या आयडीईच्या नव्हेत. आयडीई मुळात हार्ड डिस्कसाठी. सीडी बाहेर काढ, गाणं वाजव, असले हुकूम त्यात नव्हतेच. स्कझी हे दुसरं कनेक्शन होतं, पण महाग. म्हणून सोनी, मित्सुमी, पॅनासॉनिक यांनी आपापलं स्वस्त कनेक्शन काढलं. सोनीचं ३४ पिनांचं, बघताना फ्लॉपीचंच वाटावं असं. मित्सुमी आणि पॅनासॉनिक दोघांचं ४० पिनांचं, पण एकाचं दुसऱ्याला चालत नाही. म्हणूनच काही साउंड ब्लास्टर १६ कार्डांवर तिघांसाठी तीन वेगळी हेडर, म्हणजे केबल खोचायच्या पिनांच्या जागा, दिसतात. स्कझीसारखे हुकूम आयडीईच्या केबलवरून पाठवणारं एटापी नावाचं सामाईक मानक १९९४ च्या आसपास आलं, तेव्हा कुठे हा गोंधळ मिटायला लागला.

आता खरी गंमत. मी परत गेलो तर गडी चपापला नाही की काही नाही. "असं होय? मग त्याचं कार्ड हाय माझ्याकडं, ३,५०० ला देतो." म्हणजे आधी ड्राइव्ह आयडीई म्हणून खपवायचा, गिऱ्हाईक अडकलं की कार्डाचे वेगळे उकळायचे. बरं, कार्ड हातात घेऊन उजेडात धरलं तर त्यावर एकच हेडर, आणि शेजारी बोर्डावर बारीक अक्षरात मित्सुमी. तेही घेतलं असतं तर ५,७०० रुपये घालवून घरात दोन शोभेच्या वस्तू आल्या असत्या!

परत घ्यायला "जुन्या मालाला गॅरंटी नसती" म्हणाला. व्हॉट्सॲपचं चॅट आणि सोललेलं स्टिकर काउंटरवर ठेवलं, दोन गिऱ्हाईकं ऐकत उभी होती, तेव्हा १,५०० हातावर टेकवले. बाकीचे ७०० गेले ते गेलेच.

कोणी घेत असाल तर मागच्या बाजूचा आणि मूळ लेबलचा फोटो मागा. आयडीई ड्राइव्हला मागे मास्टर, स्लेव्ह, केबल सिलेक्ट अशी जंपरची, म्हणजे पिनांवर बसवायच्या छोट्या टोपीची, जागा असते. पॅनासॉनिकवर त्याऐवजी ० ते ३ असा ड्राइव्हचा नंबर निवडायचा असतो, कारण एका केबलवर चार ड्राइव्ह बसतात. मॉडेल सीआर-562 किंवा 563, मित्सुमीचा एफएक्स001, सोनीचा सीडीयू-31ए किंवा 33ए असेल तर जुळणारं कार्ड सोबत असल्याशिवाय पैसे काढू नका. आणि तुमच्या डोळ्यांदेखत सीडीची डिरेक्टरी, म्हणजे फाइलांची यादी, पडद्यावर आली तरच टेस्टेड म्हणा.

तो ड्राइव्ह पुन्हा विक्रीला लागलाय. किंमत आता २,५००, फोटो पुन्हा फक्त पुढच्या तोंडाचा.