घरून मतदान (फॉर्म १२ डी) : सोय एक नंबर, पण ती आहे हे सांगायला कोणी येत नाही

८५ वर्षांच्या पुढचे मतदार आणि ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेले मतदार यांच्या घरी येऊन मत घ्यायची सोय निवडणूक आयोगाने २०२४ च्या लोकसभेपासून देशभर केलीये. त्याच वर्षी नोव्हेंबरच्या विधानसभेला आमच्या आजीने ती वापरली. मराठीत याबद्दल शोधलं तर बहुतेक प्रेसनोटच सापडतात, घरात नेमकं काय होतं ते कोणी लिहीत नाही, म्हणून सविस्तर लिहितेय.

आधी चांगलं सांगते कारण ते खरंच खूप चांगलं आहे. कधी येणार ते आधी कळवलं होतं आणि त्याच दिवशी आले, दोन मतदान अधिकारी, शूटिंग करणारा एक मुलगा आणि एक पोलीस. ओसरीवर आमच्याच टेबलावर पुठ्ठ्याचा आडोसा उभा केला, आजीचं ओळखपत्र बघितलं, मतपत्रिका कशी भरायची ते तिला दोनदा शांतपणे समजावलं, आणि मग घरातल्या सगळ्यांना बाहेर जायला सांगितलं. आमचे काका रेंगाळले, म्हणाले तिला कळत नाही मॅडम, मी सांगतो ना कुठे खूण करायची. त्यावर मॅडम म्हणाल्या, "आजींना सगळं कळतंय, तुम्ही अंगणात थांबा." बास, एवढं एक वाक्य, पण मला विचाराल तर या सोयीतली सगळ्यात मोठी गोष्ट तीच आहे. शूटिंग होतं पण आडोशाच्या आत काय खूण केली त्याचं नाही. मत झाल्यावर तिच्यासमोर मतपत्रिका छोट्या लिफाफ्यात बंद केली, घोषणापत्रावर अंगठा घेतला, आणि दोन्ही मोठ्या लिफाफ्यात घालून चिकटवलं.

आजीच्या पिढीतल्या बायकांनी आयुष्यभर मत दिलंय पण बरोबर नेणाऱ्याने वाटेत सांगितलं तसं दिलंय, निदान आमच्याकडे तरी असंच होतं. आणि त्याच्याही आधी, १९५१-५२ च्या पहिल्या निवडणुकीत जवळपास २८ लाख बायकांची नावं यादीतून काढावी लागली होती कारण त्यांनी स्वतःचं नाव न सांगता अमक्याची बायको, तमक्याची आई एवढंच सांगितलं होतं. तिथपासून सरकारी माणूस घरी येऊन म्हातारीला एकटीला मत देऊ देतो इथपर्यंत आपण आलोय, याचा मला मनापासून अभिमान वाटतो.

आता त्रासाचं. फॉर्म १२ डी, म्हणजे घरून मतदानासाठीचा अर्ज, निवडणुकीची अधिसूचना निघाल्यापासून ५ दिवसांत द्यावा लागतो. विधानसभेची अधिसूचना २२ ऑक्टोबरला निघाली, म्हणजे ते पाच दिवस बरोबर दिवाळीच्या तोंडावर, घरोघरी फराळ आणि साफसफाई चालू असताना. नियमाप्रमाणे बीएलओने (आपल्या मतदान केंद्राची यादी सांभाळणारा कर्मचारी) असे मतदार शोधून फॉर्म घरपोच द्यायचा असतो, आमच्याकडे कोणी आलं नाही, मी स्वतः फोन करून विचारलं तेव्हा फॉर्म मिळाला. गावात आजीच्या वयाच्या अजून दोघी आहेत, त्यांच्या घरच्यांना हे मतदान होऊन गेल्यावर कळलं. बीएलओ म्हणजे शाळेतले गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई असतात, त्यांच्या डोक्यावर आधीच शंभर कामं, त्यामुळे राग त्यांच्यावर नाहीये. पण ज्यांच्या घरात फोन लावून विचारणारं कोणी नाही त्यांनाच या सोयीची गरज जास्त, आणि नेमके तेच सुटतात.

अजून दोन गोष्टी लक्षात ठेवा. एकदा घरच्या मतदानासाठी पोस्टल मत मंजूर झालं की यादीत तशी खूण होते, मग मन बदललं म्हणून केंद्रावर जाऊन मत देता येत नाही. आणि टीम आली तेव्हा माणूस घरी नसेल तर ती आणखी एकदाच येते, त्यामुळे त्या दिवसांत दवाखान्याची तारीख घेऊ नका.

पण माझा खरा प्रश्न वेगळाच आहे. दाराशी मतपेटी आणता येते हे यांनी करून दाखवलंय, मग ज्यांचं दारच हंगामात दोनशे-तीनशे किलोमीटर लांब असतं त्यांचं काय? त्या वर्षी उसाचा गाळप हंगाम १५ नोव्हेंबरपासून ठरला होता आणि मतदान २० ला. बीडची ऊसतोड करणारी जोडपी मुकादमाकडून उचल (आगाऊ मजुरी) घेऊन कोल्हापूर, सांगली, कर्नाटकात जातात, टोळी एकदा फडावर पोचली की एका मतासाठी मजुरी बुडवून परत कोण येणार, आणि भाडं कोण देणार? उमेदवाराने गाडी पाठवली तर येतील, पण मग ते मत त्या गाडीचंच होतं. निवडणूक आयोगाने एका यंत्रावर ७२ मतदारसंघांचं मत घेता येईल असं रिमोट व्होटिंग मशीन तयार करून जानेवारी २०२३ मध्ये सगळ्या पक्षांना बोलावलं होतं, विरोधी पक्षांनी शंका घेतल्या आणि विषय तिथेच अडकला. शंका रास्तच होत्या, परराज्यात प्रचार कसा होणार, पोलिंग एजंट कुठून आणणार, आचारसंहिता कोण बघणार, पण त्यांची उत्तरं शोधायची घाई कोणत्याच पक्षाला दिसत नाही कारण फडावरचा माणूस ओरडायला मुंबईत येत नाही. यंत्रावर विश्वास नसेल तर आमच्या ओसरीवर आला तसा कागद आणि लिफाफा साखर कारखान्याच्या तळावर न्या ना, सैनिकांना पोस्टाने मत देता येतं तर यांना का नाही?

सोयीला पाचपैकी चार. एक स्टार त्या पाच दिवसांसाठी कापलाय.

घरात कोणी ८५ च्या आसपास असेल तर मतदार यादीत त्यांचं वय काय लागलंय ते आत्ताच बघून घ्या, कारण वय यादीवरूनच धरतात आणि जुन्या लोकांची वयं बऱ्याचदा अंदाजे लिहिलेली असतात. चुकलं असेल तर फॉर्म ८ भरून दुरुस्त होतं, १९५० या हेल्पलाइनवर माहिती मिळते. निवडणूक लागेपर्यंत थांबू नका.